टीपीओ कायम करायची सहा महिन्यांची मुदत: नेमकी कधी संपते, आणि संपली तर झाडाचं काय?

थेम्सकाठ
इंग्लंडमधल्या वृक्ष संरक्षण आदेशाबद्दल (इथे सगळे टीपीओच म्हणतात) नेमकी माहिती हवी आहे. गल्लीच्या टोकाला एका जुन्या घराच्या आवारात मोठा ओक आहे. जागा विकली गेली आणि काउन्सिलने आदेश काढला. आदेशावर तारीख १० मार्च, नोटिशीवर १२ मार्च. हरकतींची मुदत एप्रिलमध्येच संपली. आता ऑगस्ट अर्ध्यावर आला तरी आदेश 'कायम' झालेला नाही. काउन्सिलच्या वेबसाइटवर त्यापुढे 'प्रोव्हिजनल' एवढंच दिसतं.

सहा महिने १० मार्चपासून मोजायचे की १२ पासून? मुदत टळली तर झाड त्याच दिवशी उघडं पडतं का? आणि शेजाऱ्यांनी आत्ता काय करावं? मला तो ओक वाचायला हवा आहे, म्हणून विचारतेय.

नियमावली
इंग्लंडला २०१२ ची वृक्ष संरक्षण नियमावली लागू आहे. ती ६ एप्रिल २०१२ पासून अमलात आली. मूळ अधिकार १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या कलम १९८ मधून येतो.

नियम ४ म्हणतो की आदेश काढला त्याच दिवसापासून तो तात्पुरता लागू होतो. हा तात्पुरता अंमल तीनपैकी जे आधी घडेल तिथे संपतो: आदेश कायम झाला, काउन्सिलने कायम न करायचं ठरवलं, किंवा सहा महिने भरले. सहा महिने मोजायचे ते आदेश काढल्याच्या तारखेपासून. नोटीस कधी निघाली, पोस्टमनने कधी टाकली, याचा या मोजणीशी संबंध नाही.

बहुतेक लोक चुकतात ते पुढच्या शब्दावर. नियमात 'त्या तारखेने सुरू होणारे सहा महिने' असं आहे. म्हणजे १० मार्च हा पहिला दिवस धरायचा. मुदत ९ सप्टेंबरच्या मध्यरात्री संपते, १० सप्टेंबरला नाही. त्या एका दिवसावर सगळं अडू शकतं, म्हणून कॅलेंडरवर ९ तारखेलाच गोल करा.

उंबर
म्हणजे १० सप्टेंबरला सकाळी करवत घेऊन कुणी आलं तर?

नियमावली
टीपीओपुरतं बोलायचं तर अडवणारं काही नाही. काउन्सिलने 'मुदत संपली' असं पत्र पाठवायची गरजही नसते. संरक्षण आपोआप गळून पडतं.

पानगळ
इथे एक भेद नीट मांडायला हवा. संपतो तो *तात्पुरता अंमल*. आदेश कायम करायची रीत नियम ७ मध्ये आहे: आधी आलेल्या हरकती आणि सूचना विचारात घ्यायच्या, मग बदलासह किंवा बदलाशिवाय कायम करायचं, कागदावर तसा शेरा आणि तारीख घालायची. त्या नियमात 'सहा महिन्यांच्या आत' हे शब्द नाहीत. त्यामुळे सातव्या महिन्यात कायम केलेला आदेश आपोआप रद्दबातल ठरतो असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात झाड उघडं असतं, एवढं मात्र नक्की.

नियमावली
@पानगळ, शब्द तसेच आहेत, मान्य. पण त्या वाचनावर कुणी झाड सोपवू नये. सहा महिने उलटल्यावर कायम केलेल्या आदेशाला मालकाचा वकील पहिला धक्का तिथेच देणार. सरळ मार्ग म्हणजे नवा आदेश काढायचा, नवी नोटीस बजावायची, हरकतींना पुन्हा २८ दिवस द्यायचे. नवा आदेश निघाला त्या क्षणापासून संरक्षण पुन्हा लागू, आणि नवे सहा महिने सुरू. त्याच झाडावर दुसऱ्यांदा आदेश काढायला कायद्यात आडकाठी नाही.

पानगळ
यावर एकमत. फक्त जुना संपायच्या आधी नवा निघायला हवा. मध्ये एक दिवसाची फट राहिली तरी झाड जायला तेवढी पुरते. ओक पाडायला अर्धा दिवस लागतो.

बांधावरचा
पुन्हा पुन्हा आदेश काढत बसणं मालकावर अन्याय नाही का? सहा महिन्यांची मुदत दिलीच आहे ती काउन्सिलने निर्णय घ्यावा म्हणून. दर सहा महिन्यांनी नवा कागद काढला तर मालकाच्या हरकतीचं उत्तर कधीच द्यावं लागणार नाही.

नियमावली
@बांधावरचा, हरकत योग्य आहे. आदेशासाठी कलम १९८ ची कसोटी लागते: परिसराच्या शोभेसाठी आणि लोकांच्या आनंदासाठी तो 'उचित' असला पाहिजे. हरकत पडून आहे आणि काउन्सिल नुसतीच नवे आदेश काढतेय असं चित्र दिसलं, तर तो अवाजवी वागणुकीचा मुद्दा होतो. एकदा मुदत हुकली म्हणून दुसरा आदेश काढणं वेगळं, तिसऱ्या-चौथ्यांदा तेच करणं वेगळं.

मेघना_लीड्स
जुने लोक अजून 'कलम २०१ चा निर्देश' म्हणतात त्याचं मूळ सांगते, कारण काही काउन्सिलांच्या जुन्या पानांवर तो उल्लेख राहून गेलाय. २०१२ आधी इंग्लंडमध्ये टीपीओ कायम होईपर्यंत लागूच होत नसे. तातडी असेल तर काउन्सिलला कलम २०१ खाली वेगळा निर्देश आदेशात घालावा लागे, आणि तो निर्देश सहा महिने टिके. सहा महिन्यांचा आकडा तिथून आला. आता प्रत्येक आदेश पहिल्या दिवसापासून लागू असतो, निर्देशाची गरज उरली नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिथल्या झाडासाठी या धाग्यावरून तारखा काढू नका.

चार_घड्याळं
लोक मुदतींची सरमिसळ करतात. एकदा वेगळ्या करून ठेवतो.

सहा महिने ही तात्पुरत्या आदेशाची मुदत. हरकतींसाठी नोटिशीच्या तारखेनंतर किमान २८ दिवस. नोटीस १२ मार्चची म्हणजे ९ एप्रिलच्या आतली तारीख काउन्सिलला देता येत नाही. सहा आठवडे दोन ठिकाणी येतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक, कॉन्झर्व्हेशन एरियातलं (म्हणजे जुन्या परिसराचं रूप जपायला काउन्सिलने आखलेल्या भागातलं) झाड छाटायचं असेल तर कलम २११ खाली सहा आठवड्यांची आगाऊ सूचना. दोन, आदेश कायम झाल्यावर त्याला हायकोर्टात आव्हान द्यायला कलम २८८ खाली सहा आठवडे. आठ आठवडे म्हणजे टीपीओ असलेल्या झाडावर काम करायला परवानगी मागितली तर निर्णयाची मुदत. परवानगी नाकारली तर अपिलाला पुन्हा २८ दिवस.

खुद्द आदेशाविरुद्ध प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे (काउन्सिलांच्या निर्णयांवरची अपिलं ऐकणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) अपील नसतं, हे लक्षात ठेवा. हरकतीची पायरी मालकाने सोडली की पुढे फक्त हायकोर्ट, तेही कायद्याच्या मुद्द्यावर. 'मला झाड आवडत नाही' हा तिथे मुद्दा होत नाही.

उंबर
कॉन्झर्व्हेशन एरियात ते सहा आठवडे उलटले आणि काउन्सिल गप्प राहिली, तर मग टीपीओ काढता येत नाही ना?

पानगळ
येतो. रॉबिन्सन विरुद्ध ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर, कोर्ट ऑफ अपील, २००२. झाड उभं असेपर्यंत सहा आठवड्यांनंतरही आदेश काढता येतो. काउन्सिल गप्प राहिली तर सूचना दिल्यापासून दोन वर्षांत काम करता येतं, पण काम होईपर्यंत आदेश येऊ शकतो.

आणि ही सूचना प्रत्येक रोपट्याला लागत नाही. जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास ७५ मिलिमीटरपर्यंत असेल तर सूट आहे. इतर झाडं वाढावीत म्हणून विरळणी करायची असेल तर १०० मिलिमीटरपर्यंत. घराच्या फीतपट्टीने घेर मोजत असाल तर ७५ मिलिमीटर व्यास म्हणजे साधारण साडेतेवीस सेंटिमीटर घेर.

टीपीओला मात्र असा किमान आकार नाही. पाम डेव्हलपमेंट्सच्या २००९ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की रोपटंही झाडच.

थेम्सकाठ
आमचा भाग कॉन्झर्व्हेशन एरियात नाही. म्हणजे टीपीओ गेला की काहीच उरत नाही?

मेघना_लीड्स
थोडं उरतं, पण त्यावर विसंबू नका. पक्ष्यांचं घरटं वापरात असेल तर १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याखाली ते तोडणं गुन्हा आहे. झाडात वटवाघळांचा निवारा असेल तर त्याला वेगळं आणि जास्त कडक संरक्षण आहे. जुन्या ओकच्या ढोलीत, सुटलेल्या सालीखाली वटवाघळं असू शकतात, तपासून घ्या. पाडायच्या लाकडाचं मोजमाप तिमाहीला ५ घनमीटरच्या वर गेलं तर फॉरेस्ट्री कमिशनचं फेलिंग लायसन्स लागतं, पण बागेतल्या झाडांना त्यातून सूट आहे. तुमचा ओक घराच्या बागेत मोडत असेल तर लायसन्सचा उपयोग नाही.

सदाशिव_ते_स्लाव
पुण्यामुंबईहून आलेल्यांचा घोळ होतो तो इथेच. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याने शहरातलं प्रत्येक झाड मुळातच संरक्षित. तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढायची. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वरची झाडं 'हेरिटेज' ठरली, आणि दोनशे किंवा जास्त झाडांचा प्रस्ताव असेल तर तो राज्य प्राधिकरणाकडे जातो. इंग्लंडमध्ये उलट आहे. झाड मुळात मोकळं, आणि त्याला संरक्षण हवं तर काउन्सिलने नाव घेऊन, नकाशावर गोल करून आदेश काढायचा. म्हणून इथे मुदतीला एवढं महत्त्व. तिकडे परवानगीचा कागद रखडला तर झाड उभं राहतं, इथे आदेशाचा कागद रखडला तर झाड जातं.

करवत
मालकाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, कारण हरकती कुठे टिकतात हे झाड वाचवणाऱ्यांनाही कळायला हवं.

बऱ्याच काउन्सिली झाडाला टेम्पो नावाच्या पद्धतीने गुण देतात. आधी झाडाची प्रकृती, अजून किती वर्षं टिकेल आणि रस्त्यावरून किती दिसतं, हे तीन. मग झाडाचं खास महत्त्व. शेवटी धोका किती जवळ आहे: तत्काळ धोका असेल तर ५, नुसती खबरदारी असेल तर १. एकूण १२ ते १५ गुण म्हणजे आदेश समर्थनीय, १६ किंवा जास्त म्हणजे नक्की काढावा, ७ ते ११ म्हणजे आदेशाला पुरेसं नाही. कुठल्याही रकान्यात शून्य आलं तर आदेश काढू नये.

चांगली हरकत या तक्त्यावर बोट ठेवते. 'बुंध्याच्या मुळाशी गॅनोडर्मा बुरशी आहे, वीस वर्षं आयुष्य धरलं ते चूक', किंवा 'झाड मागच्या अंगणात आहे, रस्त्यावरून फक्त शेंडा दिसतो'. पानं गटारात पडतात, सावली पडते, गाडीवर चिकट पडतं, या तक्रारी आदेशाच्या पायरीवर फारशा चालत नाहीत. त्यांच्यासाठी छाटणीचा अर्ज आहे.

बांधावरचा
लंडनच्या चिकणमातीत ओकमुळे पाया खचतो त्याचं काय? ती तर खरी अडचण आहे.

करवत
खरी आहे, पण आदेश रोखायला 'खचू शकतो' एवढं पुरत नाही. नंतर पाडण्याच्या परवानगीचा अर्ज करताना पुरावा जोडावा लागतो: इंजिनीअरचा अहवाल, भेगांची किंवा पातळीची काही महिन्यांची मोजणी, खोदून काढलेल्या मातीचं आणि मुळांचं परीक्षण. मुळं त्याच झाडाची आहेत हे दाखवावं लागतं. परवानगी नाकारल्याने नुकसान झालं तर भरपाई मागता येते, बारा महिन्यांच्या आत, आणि ५०० पौंडांच्या खालचा दावा चालत नाही. पण जागेची किंमत उतरली किंवा बांधकाम करता आलं नाही याची भरपाई मिळत नाही.

शिसवी
आदेशाची प्रत हातात घेऊन नकाशा बघा. काउन्सिलच्या कमिटीच्या दारात बऱ्याचदा गाडी अडते ती नकाशामुळे.

परिशिष्टात झाडांचे चार प्रकार असतात. टी म्हणजे एकेकटं झाड, नकाशावर काळ्या वर्तुळात. जी म्हणजे समूह, तुटक काळ्या रेषेत. डब्ल्यू म्हणजे वन, अखंड काळ्या रेषेत. ए म्हणजे क्षेत्र, ठिपक्यांच्या रेषेत. घाईत काढलेले आदेश बहुधा 'ए' असतात: सगळ्या आवाराभोवती ठिपके मारले, झालं. तेवढ्यापुरतं ते ठीक, पण त्यात आदेशाच्या दिवशी उभी असलेलीच झाडं येतात, नंतर उगवलेली नाहीत. दहा वर्षांनी कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे कोण सिद्ध करणार? म्हणून कायम करताना 'ए'चं 'टी' आणि 'जी' करणं हा चांगला बदल.

उलट दिशेचा बदल, म्हणजे कायम करताना क्षेत्राचं वन करणं, धोक्याचा. वनाच्या आदेशात पुढे उगवणारी रोपंही येतात, म्हणजे आदेश वाढतो, आणि मालकाला त्यावर हरकत घ्यायची संधीच मिळालेली नसते. आदेशात नसलेलं झाड कायम करताना घुसवणं तर नकोच. त्यासाठी नवा आदेश काढावा.

थेम्सकाठ, तुमच्या ओकचं वर्तुळ नकाशावर खरंच बुंध्याच्या जागी आहे का, की शेजारच्या कुंपणापलीकडे सरकलंय?

थेम्सकाठ
@शिसवी, आत्ता प्रत उघडून बघितली. 'टी१', वर्तुळ बरोबर जागी आहे. परिशिष्टात 'ओक, आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात' असं वर्णन आहे. शेवटच्या पानावर 'कायम केल्याची नोंद' म्हणून एक चौकट आहे, त्यात तारखेच्या जागी नुसत्या रेघा.

नियमावली
ती चौकट महत्त्वाची. कायम झाल्याचा शेरा तिथेच पडतो: बदलाशिवाय किंवा बदलासह, अमुक तारखेला, सही. तिथे रेघा आहेत तोवर आदेश तात्पुरता.

उंबर
नोटीस मालकापर्यंत पोचलीच नाही असं म्हणून सुटका होते का? नव्या मालकांचं हेच चालतं.

पानगळ
झाड पाडलं असेल तर फारशी नाही. मेडस्टोन बरो काउन्सिल विरुद्ध मॉर्टिमर, १९८०: आदेशाची माहिती नव्हती हा बचाव होत नाही. झाड नष्ट केलं तर दंडाला इंग्लंडमध्ये आता कमाल मर्यादा नाही, आणि त्याच जागी नवं झाड लावायची जबाबदारी जमीनमालकावर येते. हलक्या गुन्ह्याला, म्हणजे नष्ट न होणाऱ्या छाटणीला, २,५०० पौंडांपर्यंत.

पण काउन्सिलनेही नोटीस नीट बजवावी. कलम ३२९ प्रमाणे हातात द्यायची, पत्त्यावर ठेवायची, किंवा रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवायची. मालक सापडत नसेल तर 'मालकास' असं लिहून जागेवर ठळक दिसेल अशी लावायची. साध्या पोस्टाने टाकलेलं पत्र पुढे डोकेदुखी होतं. शेजाऱ्याच्या हद्दीत फांद्या जात असतील तर त्यालाही प्रत द्यावी, कारण फांदी तोडायचा हक्क त्यालाही असतो.

सदाशिव_ते_स्लाव
घर घेणाऱ्यांसाठी: टीपीओ हा लोकल लँड चार्ज असतो, सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढतो तसा. सॉलिसिटर घराच्या नोंदी तपासतो त्या सर्चमध्ये तो यायला हवा. सर्च जुना असेल आणि आदेश कालच निघाला असेल तर दिसणार नाही, म्हणून करारावर सही करायच्या आठवड्यात काउन्सिलच्या ट्री ऑफिसरला एक ईमेल टाका.

मेघना_लीड्स
थेम्सकाठच्या मूळ प्रश्नावर येते, कारण दिवस जातायत. आज ११ ऑगस्ट धरला तर हातात चार आठवडे आहेत. ट्री ऑफिसरला आजच ईमेल करा. आदेशाचा क्रमांक आणि १० मार्च ही तारीख विषयाच्या ओळीतच लिहा. विचारायचं एवढंच: हरकत आली आहे का, आली असेल तर विषय कुठल्या कमिटीसमोर आणि कधी, आली नसेल तर अधिकाऱ्याच्या अधिकारातच आदेश कायम करणार का. हरकत नसलेले आदेश बऱ्याच काउन्सिलांत अधिकारीच कायम करतो, त्याला कमिटी लागत नाही. अशा वेळी नुसतं फायलीवर कुणाचं लक्ष नसल्याने मुदत जाते, आणि एका ईमेलने काम होतं.

ऑगस्टमध्ये बऱ्याच कमिट्यांना सुट्टी असते, हा मोठा खड्डा. मार्चमध्ये निघालेल्या आदेशांची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते आणि सुट्टीनंतरची पहिली बैठक कधीकधी त्यानंतर पडते. तसं असेल तर वॉर्डाच्या नगरसेवकाला लगेच कळवा, आणि मुदत संपायच्या आत नवा आदेश काढायची लेखी विनंती करा.

शिसवी
मेघनाला अनुमोदन. शेजाऱ्यांची समर्थनाची पत्रंही पाठवा. २८ दिवसांची तारीख गेली आहे, त्यामुळे ती विचारात घ्यायचं बंधन काउन्सिलवर नाही, पण अहवालात उल्लेख होऊ शकतो. 'झाड सुंदर आहे' यापेक्षा कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या फुटपाथवरून, शाळेच्या कुठल्या फाटकातून ते दिसतं हे फोटोसकट लिहा. टेम्पोमध्ये दृश्यतेचे गुण त्यावरच आहेत.

थेम्सकाठ
उत्तर आलं. मालकाची हरकत आहे, म्हणून विषय कमिटीत. बैठक ३ सप्टेंबरला. म्हणजे मुदतीच्या सहा दिवस आधी. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

नियमावली
अहवाल बैठकीच्या किमान पाच पूर्ण दिवस आधी जाहीर व्हायला हवा, १९७२ चा लोकल गव्हर्नमेंट कायदा. तो येताच वाचा. मालकाच्या प्रत्येक हरकतीला उत्तर आहे का ते बघा, कारण हरकत विचारात न घेता कायम केलेला आदेश हायकोर्टात टिकत नाही. बोलायची परवानगी हवी असेल तर नाव आधी नोंदवावं लागतं, बऱ्याच ठिकाणी तीन मिनिटं मिळतात.

करवत
आणखी एक. त्याच जागेवर बांधकामाचा अर्ज आहे का तपासा. पूर्ण प्लॅनिंग परवानगी मिळाली आणि त्या बांधकामासाठी झाड पाडणं आवश्यक असेल, तर कायम झालेला टीपीओही आड येत नाही. आउटलाइन परवानगीने, म्हणजे तपशील बाकी ठेवून तत्त्वतः मिळालेल्या परवानगीने, मात्र तसं होत नाही.

पानगळ
आणि कमिटीने ३ तारखेला विषय पुढे ढकलला तर? स्थळपाहणीसाठी एक बैठक लांबवणं सर्रास होतं. ट्री ऑफिसरला आत्ताच विचारा की तसं झालं तर ९ च्या आत सही होईल असा नवा आदेश तयार आहे का. मसुदा, नकाशा, नोटिसा सगळं आधी छापून ठेवता येतं.

थेम्सकाठ
@पानगळ, हेच विचारते उद्या. ठराव झाला तर ४ तारखेला शेवटच्या पानाची प्रत मागणार, चौकटीतल्या रेघांवर तारीख पडली का ते बघायला.

नियमावली
ठराव ३ चा आणि शेरा १५ चा असं होऊ देऊ नका. दोन्ही ९ च्या आत असले की वादाला जागा राहत नाही. आणि प्रत मागताना परिशिष्ट आणि नकाशासकट पूर्ण आदेश मागा, नुसतं शेवटचं पान नको.